कासव बाहेर, कोळंबी आत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मासेमारीच्या जाळ्यांवर निर्बंध म्हटले की ‘कासवं जगवायची की माणसं?’ हा वाद ठरलेला. ट्रॉलरवर खलाशी म्हणून राबलेल्या मला हा वादच फसवा वाटतो.

कोळंबीच्या जाळ्यात बसवायची कासव-सुटका चौकट घ्या. खोला म्हणजे जाळ्याच्या शेवटची, माल साठणारी पिशवी. तिच्या तोंडाशी धातूच्या गजांची तिरकी चौकट, दोन गजांत फार तर १० सेंटिमीटरची फट. कोळंबी फटीतून खोल्यात जाते. कासव गजांवर आपटून सरकतं आणि जाळ्यातल्या दाराची झडप ढकलून सुटतं. नाहीतर लांबलेल्या ओढीत ते गुदमरतं, कारण श्वासाला त्याला वर यावंच लागतं. ओंडके, पाकट, जेलीफिशही त्याच वाटेने जातात. हे ओझं खोल्यात राहिलं की काय होतं ते मी डेकवर पाहिलंय: कोळंबीचा चेंदा, डोकी गळलेली. त्या मालाला भाव कोण देणार?

ही युक्तीही मुळात एका मच्छीमाराची! अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या सिंकी बून यांनी १९६० च्या दशकात जेलीफिशला वैतागून ती केली. कासवांसाठीचे नियम आले १९८७ मध्ये.

नियमात मोजमाप चुकलं तर मात्र सगळं फुकट. चौकटीचं दार लेदरबॅकसारख्या प्रचंड कासवाला अपुरं पडे; अमेरिकेला ते २००३ मध्ये वाढवावं लागलं. आणि कुणी झडपच शिवून टाकली तर? धक्क्यावर कागद तपासून ते कळत नाही. ट्रॉलरवर चढून झडपेत हात घालावा लागतो.

मुदतीचंही तेच. कोळंबी अमेरिकेत विकायची तर ही चौकट बसवायला कॅरिबियन भागातल्या देशांना अमेरिकेने तीन वर्षं दिली, आशियातल्या देशांना जेमतेम चार महिने. भारतासह चार देशांनी तक्रार केली. १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने कासवरक्षणाचा हेतू रास्त मानला, पण हा दुजाभाव अमान्य केला. माझ्या मते दोन्ही बरोबर.

अर्थात चौकट हा सगळीकडचा इलाज नाही. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात गिलनेटमध्ये, म्हणजे कल्ल्यांत अडकवून मासे धरणाऱ्या जाळ्यात, अडकून व्हाकिटा हा छोटा सागरी सस्तन प्राणी संपत आलाय. तिथे ते जाळं बंदच व्हायला हवं. पण बंदीचा हुकूम आधी आणि पर्यायी जाळं ‘यथावकाश’, असं झालं की मच्छीमार रात्री जुनंच जाळं टाकतो. नवं जाळं आधी त्याच्या हातात द्या, एक हंगाम वापरू द्या, मग बंदीची तारीख लावा.

आपला,
एक निवृत्त खलाशी