सिंगापूर ते क्वालालंपूर: विमान तासाचं, हिशेब सहा तासांचा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं वेळापत्रक वाचलं. 'सिंगापूर ते क्वालालंपूर, विमान ९ ला, १ तास' असं लिहून तू साडेदहालाच क्वालालंपूरचे ट्विन टॉवर (जुळे मनोरे) धरलेत. तेवढं बदल.

दोन विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. ताशी ८५० च्या वेगाने ते वीस-बावीस मिनिटांत संपायला हवं, पण विमान चढून सरळ होतं न होतं तोच उतरायला लागतं, तो वेग फार वेळ मिळतच नाही. हवेत साधारण पाऊण तास. तिकिटावर सव्वा तासापर्यंत दिसतो, कारण ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची. धावपट्टीची रांगही त्यातच. विषुववृत्ताजवळ वरचे वारे मंद, म्हणून जाता-येता वेळ जवळपास सारखीच. घड्याळही तेच: दोन्हीकडे भारताच्या अडीच तास पुढे.

आता खरा हिशेब. ९ च्या विमानासाठी हॉटेल सव्वासहाला सोड. चेक-इनचा काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचं चौथं टर्मिनल बाकीच्यांपासून वेगळं, दुसऱ्या टर्मिनलवरून तिथे बसने जावं लागतं. तिकिटावर टर्मिनल बघून ठेव. १०.१० ला उतरलास तरी इमिग्रेशन आणि सामान उरकेपर्यंत अकरा. विमानतळ सेपांगला, शहरापासून ५०-६० किलोमीटर. एक्स्प्रेस गाडी केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टेशनला, टर्मिनल १ वरून २८ मिनिटांत नेते, २ वरून ३३. तिथून एलआरटीने, म्हणजे शहरातल्या मेट्रोसारख्या गाडीने, मनोऱ्यांजवळचं केएलसीसी स्टेशन. म्हणजे मनोऱ्यांपाशी सव्वाबारा, तेही सगळं सुरळीत झालं तर. मनोऱ्यांचं तिकीट दुपारी दोननंतरचं घे. विमान मात्र सकाळचंच ठेव. दुपारनंतर तिकडे गडगडाटी पाऊस नेहमीचा, मग विमानं वरच घिरट्या घालत थांबतात.

बसला रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर, पाच ते सहा तास. म्हणजे हिशेब तोच! सामान जड असेल आणि मधला वार असेल तर मी बसच म्हणेन. स्वस्त तिकिटात केबिनमध्ये सात, फार तर दहा किलो चालतं. त्याहून जास्त सामानाचे पैसे वेगळे. पण शुक्रवारी संध्याकाळी आणि शाळांच्या सुट्टीत बस नकोच, दोन देशांना जोडणारा वुडलँड्सचा पूल तुंबतो. तिथे इमिग्रेशनसाठी दोनदा उतरायचं, मलेशियाच्या बाजूला सगळं सामान घेऊन. बसचा नंबर टिपून ठेव, उशीर झाला तर ती थांबेलच असं नाही. शेवटचा थांबा बहुधा टीबीएस, हे क्वालालंपूरच्या दक्षिणेचं बस टर्मिनल. पुढे लोकल किंवा एलआरटी.

दोन्ही देशांची ऑनलाइन आगमन कार्डं प्रवासाआधीच्या तीन दिवसांत भरायची, फुकट असतात. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद कर. आणि परतीचं विमान सिंगापूरहून आहे ना? मग तुझा सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, हे आजच बघ. एकाचाच निघाला तर परतीचं तिकीट क्वालालंपूरहून कर.

तुझा,
अजय