घरात खाडा धरत नाहीत

लालबाग, मुंबई
सोमवार, दुपार

चि. बाबू यास, अनेक आशीर्वाद.

रात्री तू माझ्यापासून चार हातांवर झोपतोस आणि मी तुला पत्र लिहायला बसले आहे. हसशील. पण तूच सांग, आपल्या घरात दोन माणसांनी बोलायचं कुठे? खोलीत आजी, पोटमाळ्यावर काका-काकी, मोरीला नंबर लागलेला, आणि गॅलरीत बोललं की शेजारच्या तीन खोल्यांना कळतं. फोनवर लिहावं तर फोन काकांच्या छोटीच्या हातात. म्हणून हिशेबाच्या वहीतली कोरी पानं फाडली. उद्या डब्याच्या पिशवीत घालीन. जेवून झाल्यावर वाच, आधी नको.

काल दुपारी तू घरच्या ग्रुपवर तो तक्ता टाकलास. दोन महिन्यांचा खर्च, माणसागणिक वाटणी, मोठं माणूस एक, मूल अर्धं, आणि तू महिन्यात 9 रात्री बाहेर जेवलास तेवढं वजा. तू टाकलास आणि क्रिकेट खेळायला गेलास. मागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. ताटं वाढलेली होती, बांगड्याचं तिखलं होतं. काकीनं आपल्या ताटातली तुकडी उचलून परत टोपात ठेवली. म्हणाली, आज पोट जड वाटतंय. काका जेवून न बोलता खाली गेले ते पाचला आले. तो दहावीतला भाऊ तुझा, एरवी सात पोळ्या खातो, काल तीनवर उठला. आणि छोटी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मोठी आई, दादाच्या हिशेबात मी अर्धी आहे?"

आजीला मोबाइलवरचं वाचता येत नाही. बाबांनी तिला काय ते समजावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ह्यो घरात खाडो धरता!"

खाडा हा शब्द तुझ्या पिढीला फक्त कामवाल्या बाईपुरता माहीत. आजीचा तो धंद्यातला शब्द. याच खोलीत तिची खाणावळ होती. 22 मेंबर, सगळे गिरणीतले, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. पाळीप्रमाणे जेवायला यायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. तोवर वाण्याकडे आजीची उधारी चढलेली. सावकाराचं व्याज भरता भरता कंबर मोडायची. 1975 साली प्रेमाताई पुरवांनी दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि आजीसारख्या खाणावळवाल्या बायकांना पहिल्यांदा बँकेचं कर्ज मिळालं. आजी अजून त्या कर्जाबद्दल असं बोलते, जसं लोक पंढरीच्या वारीबद्दल बोलतात. तर तिच्या वहीत प्रत्येक मेंबरच्या नावापुढे खाडे असत. कोणी चार दिवस गावी गेला, चार खाडे, तेवढे पैसे कापायचे. त्यात तिनं कधी चूक केली नाही की कोणाला सूट दिली नाही. पण रात्री मेंबरांची पंगत उठली की घरची माणसं बसायची आणि ती वही फळीवर जायची. सासरे, त्यांचे दोन भाऊ, गावाहून नोकरीसाठी आलेला भाचा, यांचा खाडा नाही. मी 1996 साली लग्न होऊन आले तेव्हा खाणावळ कधीच बंद पडली होती, पण फळीवरची ती वही होती. मी विचारलं होतं, घरच्यांचं कुठे लिहिलंय? तर मला दाखवलं. मागच्या बाजूनं सुरू केलेलं, फक्त जमा. कोणी किती आणून दिलं. कोणी किती खाल्लं याचा रकानाच नव्हता.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारे तेच, पगार नाही. आजीनं तीन महिने उधारीवर जेवू घातलं, मग एकेक जण गाव गाठू लागला. काहींचे पैसे पुढे मनीऑर्डरनं आले, पुष्कळांचे नाहीत. ती वही आजीनं वसुलीसाठी पुढे कधी उघडली नाही आणि टाकूनही दिली नाही.

आता तुझं गणित. ते चुकलेलं नाही, हे मी काल सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही. महिन्याला 21,000 खाण्यापिण्याला लागतात, बरोबर. तुझ्या हिशेबानं, त्या 9 रात्रींची वजाबाकी सोडली तर, घरात 7 माणसं होतात, माणशी 3,000, आपल्या तिघांचे 9,000, काकांकडच्या चौघांचे 9,000, आजीचे 3,000. प्रत्यक्षात बाबा 10,000 देतात, तू 5,000, काका 5,000 आणि आजी तिच्या पोस्टाच्या व्याजातले 1,000. म्हणजे काकांकडून 4,000 कमी येतात. दिसतंय. मलाही दिसत होतं, तू बालवाडीत होतास तेव्हापासून.

पण तुझ्या तक्त्यात जे पैशानं आलं तेवढंच आहे. काकांच्या केशरी कार्डावर चौघांचं अन्नसुरक्षेचं धान्य येतं. 2013 च्या कायद्यानं माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 20 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही फुकट. (शहरात वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत असेल तरच, असा नियम आहे. मुंबईत एवढ्यात कोण जगतं आणि कागदावर काय असतं, यावर मी बोलणार नाही. तू बोललास तर तुझंच बरोबर ठरेल.) तो तांदूळ भाताला चिकट होतो म्हणून मी भाकरीला आणि घावनांना दळून आणते. गहू आपल्या गव्हात मिसळते. तू रोज खातोस, तुला कधी कळलं नाही, म्हणजे मिसळण बरी जमते.

काकी पहाटे साडेपाचला कणीक मळते. गिऱ्हाइकांच्या 60 पोळ्यांच्या आधी घरच्या 35 होतात. गिऱ्हाइकाला ती एक पोळी 8 रुपयांना देते. 35 ला 8 नं गुण आणि मग 30 नं. मी हा गुणाकार एकदा केला आणि वही मिटून ठेवली. तू म्हणशील, मग तुझी भाजी, तुझी भांडी, तेही धर. हो, पण मग तुझ्या तक्त्याला किती रकाने लागतील? तिच्या धंद्याच्या पोळ्यांचा सिलिंडर मात्र वेगळा आहे. ते भांडण 2014 सालीच झालं आणि मिटलं, पुन्हा उकरू नकोस.

दुसरं म्हणजे तू फेब्रुवारी-मार्च धरलेस. घरखर्चातले सगळ्यात गरीब महिने तेच. एप्रिल-मे धर म्हणजे बेगमी कळेल. मिरची गल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी, धणे, खडा मसाला, मग ते उन्हात घालायचं, भाजायचं, डंकावर कुटून आणायचं. जून-जुलैत मासेमारी बंद, बाजारात मिळतं ते बर्फातलं आणि महाग, म्हणून सुके बोंबील, सुकट, खारा भरून ठेवायचा. गावाहून उकडा तांदूळ आणि कोकमं, त्यांचं एसटीचं भाडं. गेल्या वर्षी 13,500 गेले. शिवाय गणपतीत लालबागला घर असण्याची शिक्षा. आपले कोण कुठले नातेवाईक रांगेतून सुटले की चहाला वर येतात, ते तू बघतोसच. दहा दिवसांत दोन किलो चहा पावडर!

आणि तू लिहिलंस, एकदम माल घेतला तर 12 टक्के वाचतील. वाचतील ना. ग्राहक पंचायत म्हणजे ग्राहकांचीच संस्था, तिचं वितरण मुंबईत 1975 पासून चालू आहे. काही घरं मिळून महिन्याचा माल मागवतात, एका घरी उतरतो, पाळीपाळीनं वाटप. पलीकडच्या इमारतीतल्या बायका मला कधीपासून ये म्हणतात. अडलंय कुठे? 15 किलोचा तेलाचा डबा ठेवायचा कुठे, इथे. खाटेखाली आजीची ट्रंक, तुझी बॅट, काकीचं पीठ. गेल्या पावसात 25 किलो तांदूळ स्वस्तात घेतला, भिंतीची ओल लागली, पोरकिडे झाले, आठवडाभर निवडत बसलो. जागा नसलेल्या माणसाला किरकोळीनंच घ्यावं लागतं आणि किरकोळ महाग पडतं. हे तुझ्या शिकलेल्या डोक्यानं सोडव. मला खरंच हवं आहे.

आता जे बाबांनाही सांगितलेलं नाही ते लिहिते.

मी पण धरायचे खाडे. 2009 पासून. वहीच्या मागच्या पानांवर, बारीक अक्षरात. काकांनी या महिन्यात किती कमी दिले, काकीच्या माहेरची माणसं किती दिवस राहिली, दुधाच्या जादा पिशव्या कोणाच्या पोरांनी संपवल्या. अकरा वर्षं. बेरीज 1,86,400 पर्यंत गेली होती. तो आकडा पाठ होता मला. काकी हसून बोलली की तो आकडा डोक्यात वाजायचा. मी तिच्याशी गोड बोलायचे आणि मनात व्याज लावायचे. तू निदान उघड टाकलंस.

मग 2020 आलं. बाबांच्या प्रेसला टाळं. दोन महिने पगार नाही, नंतर अर्धा. एप्रिलपासून काकांच्या कार्डावर माणशी आणखी 5 किलो फुकट सुटलं, म्हणजे महिन्याला 40 किलो. काका मास्क लावून सकाळी सहाला रेशनच्या रांगेत उभे राहायचे, खुणेच्या गोलात, अकराला परत यायचे. ते धान्य त्यांनी मधोमध ओट्याखाली आणून ठेवलं. काकीनं एकदाही म्हटलं नाही की हे आमच्या कार्डाचं. मी वाट बघत होते म्हणेल म्हणून. मे महिन्यात मी मागची पानं उघडली, पेन घेतलं आणि काय लिहायचं ते सुचेना. तिथेच थांबलं ते. पानं फाडलेली नाहीत. हवी तर दाखवते.

म्हणून मला आजीचं सगळंच पटतं असं नाही. नुसती जमा लिहायची आणि बाकी पोटात ठेवायचं, याच्यानं माझ्यासारखी माणसं तयार होतात. हिशेब उघडा पाहिजे, त्यात तू बरोबर आहेस. पण तोंडं मोजून नको. मी बसून वेगळं काढलंय. ज्याला जे मिळतं त्यातले रुपयामागे चार आणे चुलीला. बाबांचे 28,000, त्यांचे 7,000. तुझे 32,000, तुझे 8,000. काकांचे 17,000, त्यांचे 4,250. काकीला पोळ्यांतून 6,000 सुटतात, तिचे 1,500. आजीच्या 2,000 चे 500. झाले 21,250. वरचे 250 बेगमीच्या डब्यात. बेगमीला एवढ्यानं भागत नाही, म्हणून बाबांच्या दिवाळी बोनसमधून आणि काकांच्या ओव्हरटाइममधून थोडं थोडं टाकायचं, ते मी दोघांशी बोलते. बघ, आपल्या घराचे 15,000 होते तेवढेच राहिले, काकांकडून 750 वाढले आणि तुझ्या खिशातून 3,000. बाबांचे तेवढे कमी झाले. ते आता 58 चे आहेत, त्यांच्या नावावर काहीच साठलेलं नाही, हे तुझ्या तक्त्यात कुठे दिसलं नसतं.

उरलेले तुझे तुला. त्यातला पैसा घरात ओतू नकोस, मी मागितले तरी नको. रिकरिंग लाव. वेगळी चूल मांडायची मनात असेल तर मांड, दिवा नाहीतर बदलापूर, मी रडणार नाही. निदान तुझ्यासमोर नाही.

आणि ते रात्री अकराला जिन्यात उभं राहून बर्गर खाणं. तुला वाटतं कळत नाही. बॅगेला वास येतो. लाज वाटते म्हणून जिन्यात खातोस, हे मला आवडतं, पण पोरगं जिन्यात उभं राहून खातं हे आवडत नाही. महिन्यातून एकदा पगाराला सगळ्यांसाठी वडापाव आण, आठ नग, आणि मग बाकीचे दिवस बाहेर काय खायचं ते खा. ते हिशेबात घालू नकोस आणि वजाही करू नकोस.

तो तक्ता ग्रुपवरून काढून टाक म्हणणार होते, पण आता सगळ्यांनी पाहिलाय, काढलास तर आणखी वाईट दिसेल. राहू दे. हे वाचशील त्या रात्री काकीला पोळ्यांचा हिशेब विचार, तिला आकडे तोंडपाठ असतात, तुझ्यापेक्षा पक्के. तिच्याकडूनच नवा तक्ता भरून घे. काकांशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. पुरुषांना मोठ्या वहिनीनं बोललेलं चालून जातं.

छोटीचं मात्र तुलाच निस्तरायचं आहे. काल रात्री ती मला विचारत होती, बहीण अर्धी असली तर राखी पण अर्धीच का.

येताना स्टेशनबाहेर लिंबांचा वाटा मिळाला तर घे, आठनंतर स्वस्त देतात. आणि डबा घासून आण, शनिवारचा आजीनं धुतला.

तुझी
आई