बाबांचा ‘पारिजात’ उघडून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

दुकानाचं नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलंत म्हणून लिहीत नाही. सांगलीच्या विश्रामबागेतले दादा, एवढं पुरे. तुम्हाला कळेलच.

बाबा फेब्रुवारीत गेले. त्यांचा लॅपटॉप चालू केला की विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर हार्ड डिस्कचा पासवर्ड मागायचा. एसटीत कुणाची तरी लॅपटॉपची बॅग चोरीला गेली हे ऐकून बाबांनी तो घातला होता. आईला एवढंच आठवत होतं. तुमच्याकडे येण्याआधी मी तीन ठिकाणी फिरले. एकाने फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो म्हटलं. दुसऱ्याने डिस्कखालचं सर्किट बदलू म्हणत मोठी रक्कम सांगितली. तिसऱ्याने डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला लावली, काहीच उघडेना, तेव्हा ‘डिस्क गेली’ म्हणून हातात परत दिली. त्या दिवशी मी गणपती मंदिराच्या पायरीवर बराच वेळ नुसती बसून होते.

त्या डिस्कमध्ये काय होतं, ते तुम्हाला घाईत सांगितलं होतं. आज नीट सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात भिंतीवर अजून ती रेघ आहे, बाबांनी ती रंगवू दिली नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढत होतो आणि बाबा खिशात फोन घालून बाहेर पडायचे. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड. पाणी कुठपर्यंत आलं, म्हशी कुणी सोडल्या, गच्चीवर किती रात्री काढल्या, २००५ला असं झालं होतं का, हे सगळं माणसांना त्यांच्याच शब्दांत बोलायला लावायचे. पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केलेला माणूस. पाण्याचे आकडे ते कायमच टिपायचे, पण या वेळी त्यांना माणसांचे आवाज हवे होते. त्यातले बरेच म्हातारे आता नाहीत. फोनही पुढे बिघडला. जे होतं ते या एका डिस्कवर.

तुम्ही आधी डिस्कला हातच लावला नाहीत. लॅपटॉपचं बिल मागितलंत, त्यावरचा नंबर खालच्या स्टिकरशी ताडून पाहिलात, आईशी फोनवर बोललात. मला तेव्हा थोडा राग आला होता, दादा. घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं. ज्या चोराच्या भीतीने बाबांनी कुलूप घातलं, तो चोरही तुमच्याकडे माझ्यासारखंच रडत येऊ शकला असता.

मग लिनक्सवर एचडीपार्म नावाचा, डिस्कची स्थिती दाखवणारा प्रोग्राम चालवून तुम्ही मला पडदा दाखवलात. तिथे ‘लॉक्ड’ लिहिलं होतं आणि सुरक्षेची पातळी ‘मॅक्सिमम’. ती ‘हाय’ असती तर मास्टर पासवर्डने, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या, राखीव पासवर्डने डिस्क उघडण्याची आशा होती, ‘मॅक्सिमम’वर मास्टर पासवर्ड फक्त सगळं पुसायच्या कामाचा, असं तुम्ही सांगितलंत. हा पासवर्ड बहुतेक डिस्कांत आतल्या चकतीवरच लिहिलेला असतो, म्हणून सर्किट बदलूनही उपयोग नाही, हेही. माझ्या भावाला धास्ती होती की सारखे चुकीचे पासवर्ड टाकून आम्हीच डिस्क घालवली. तुम्ही त्याला शांतपणे सांगितलंत की डिस्क पाच चुका मोजते आणि मग ऐकायचं बंद करते, पण एकदा बंद करून चालू केली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपला.

पासवर्ड आमच्याकडे होता, हेच खरं दुखणं होतं. बाबांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर स्वच्छ अक्षरात ‘लॅपटॉप – पारिजात’. इंग्रजीत पारिजात जितक्या तऱ्हांनी लिहिता येतो तितक्या तऱ्हांनी आम्ही लिहून पाहिला होता.

तुम्ही डिस्क परत त्याच लॅपटॉपमध्ये बसवलीत. काही लॅपटॉप पासवर्ड आहे तसा डिस्ककडे पाठवत नाहीत, आपल्या पद्धतीने बदलून पाठवतात, म्हणून ज्याने कुलूप लावलं त्याच यंत्रावर उघडायचं, असं म्हणालात. आणि मग कीबोर्डवर बोट फिरवत विचारलंत, “ही मराठी अक्षरांची स्टिकरं कुणी चिकटवली?”

बाबांनी. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची कीबोर्डवरची मांडणी, ते नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शिकले आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता.

तुम्ही इंग्रजी अक्षरांकडे बघायचं सोडून स्टिकरांकडे बघत एकेक बटण दाबलंत. प, काना, र, पहिली वेलांटी, ज, काना, त. यंत्राच्या लेखी ते एच, ई, जे, एफ, पी, ई, एल. विंडोज सुरू व्हायच्या आधी तिथे मराठी नसतंच, आणि पडद्यावर फक्त फुल्या दिसतात, म्हणून बाबांना कधी कळलंच नसणार की आपण मराठीत लिहिलेलं यंत्राने इंग्रजीत वाचलं. त्यांच्या मनाने त्यांनी ‘पारिजात’च लिहिला होता. एन्टर दाबलंत आणि विंडोजची निळी खिडकी आली. मी तुमच्या काउंटरला धरून उभी राहिले.

तुम्ही लगेच काही उघडू दिलं नाहीत. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलंत, मग पासवर्ड काढलात, मग म्हणालात, आता ऐका. त्र्याहत्तर फायली. पहिल्याच फायलीत बाबा: “हां आजी, सावकाश सांगा. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा घरात कोण कोण होतं?”

पैसे विचारले तर तुम्ही फक्त नव्या डिस्कचे घेतलेत. आईला ते मान्य नाही. तिने भडंग करून ठेवलाय आणि रविवारी ती स्वतः दुकानात येणार आहे. दोन फायलींत बोलणारं माणूस कोण ते आम्हाला ओळखू येत नाही, आवाज काकानगरकडचा वाटतो. तुमचं बालपण तिकडचं म्हणाला होतात. आई पेन ड्राइव्ह बरोबर आणेल, एकदा ऐकून बघाल का?

तुमची,
गावभागातली ताई