विषय: 88,000 रुपयांची खुर्ची आणि तिच्यावर बसण्याचा माझा गुन्हा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच 'कम्प्लेंट क्लोज करतोय' म्हणत फोन ठेवला. म्हणून हे पत्र.

वास्तुविशारद पिएर जानरेने चंदीगडसाठी केलेली आरामखुर्ची म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. व्ही आकाराचे पाय, सागवान, वेत, सगळं तुमच्याच कॅटलॉगात गुळगुळीत कागदावर छापलंय. मला मिळालेल्या खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाखाली रोज सकाळी पिवळसर भुकटी पडते. आमच्या मिस्त्रींनी सांध्यापाशी जरा खरवडलं, तर गडद पॉलिशखाली पांढरं लाकूड निघालं. "सागच आहे साहेब, पण सालीकडचा. गाभ्याला असा भुंगा लागत नाही," म्हणाले. बैठकीचा वेत पुढच्या पट्टीवर ओळीने तुटलाय, कारण भोकांच्या कडा घासून गोल केलेल्याच नाहीत. बोट फिरवलं तरी टोचतात. वेत कापला जाणार नाही तर काय होणार?

यावर तुमच्या प्रतिनिधीचा पहिला प्रश्न: "सर, तुम्ही खुर्चीवर बसता का?"

हो म्हणालो.

"रोज?"

मग माझं वजन विचारलं. मग घरात आणखी कोण बसतं ते विचारलं. आई दुपारी पेपर वाचायला बसते, असं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "सर, हा कलेक्टिबल पीस आहे. आजींना दुसरी चेअर द्या ना." आणि वर, खुर्ची एसीत ठेवा! म्हणजे खुर्चीला एसी आणि आईला प्लॅस्टिकचं स्टूल.

तुमच्या शोरूममध्ये शेजारीच मीस व्हॅन डर रोह आणि लिली राइश या जर्मन डिझायनरांची बार्सिलोना खुर्ची मांडली आहे. ती 1929 च्या बार्सिलोनातल्या प्रदर्शनात जर्मन दालनासाठी केलेली. तिच्याबद्दल 'नुसती बघा' म्हणाला असतात तर एक वेळ समजलो असतो. पण जानरेच्या खुर्च्या चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी होत्या. कारकुनांनी त्या वर्षानुवर्षं वापरल्या, पुढे त्या भंगारात पडल्या, आणि तिथून उचललेल्या आज परदेशातल्या लिलावांत लाखोंनी विकल्या जातात. तुमची एक पावसाळाही टिकली नाही, तीसुद्धा दादरमध्ये, पहिल्या मजल्यावर, खिडकीपासून लांब.

वॉरंटी एक वर्षाची आहे आणि कार्डावर 'उत्पादनातील दोष' असे शब्द आहेत. सालीकडचं लाकूड लावणं हा दोष नसेल, तर दोष कशाला म्हणता ते लेखी कळवा. 'बसणं' हा गैरवापर असेल तर तेही लेखीच द्या. मला ते फ्रेम करून लावायचं आहे.

पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत द्या आणि खुर्ची स्वतःच्या खर्चाने घेऊन जा. बदली खुर्ची नको. तुमच्याकडे चांगलं लाकूड आहे यावर आता माझा विश्वास नाही. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पावती, भुकटीचे फोटो आणि फोनचं रेकॉर्डिंग तयार आहे.

तुमच्या दुकानातून याआधी घेतलेलं जेवणाचं टेबल उत्तम आहे. त्यामुळे जास्तच चीड येते.

उत्तर व्यवस्थापकांच्या सहीचं हवं. आणि आईला दुसरी खुर्ची सुचवणाऱ्या त्या मुलाला कृपया मला परत फोन करायला लावू नका.

एक ग्राहक,
हिंदू कॉलनी, दादर