भट्टीवाल्या चाचांना, परभणीतून परभणीतच

चाचा,

सलाम. तुम्ही मराठी आमच्यापेक्षा झ्याक बोलता, पण वाचायचं म्हटलं की चष्मा सापडत नाही. म्हणून हे पत्र तुमची नात वाचून दाखवणार आहे. मधलं काही गाळायचं नाही, तुम्ही "बस कर" म्हणालात तरी थांबायचं नाही, असं तिला बजावून ठेवलंय.

सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच की बारावीनंतरच्या सुट्टीत मी जे काही भाजलं त्याचे फोटो बघून लोक म्हणायलेत, "पोरगी मोबाइलवर बघून शिकली." बघितलं मी मोबाइलवर, नाही कशाला म्हणू? पण त्यातल्या बहुतेक बायांच्या स्वयंपाकघरात एसी होता आणि मधेच लाईट गेली असं कुणाच्याच व्हिडिओत झालं नाही. तिथून मला प्रमाणं मिळाली. तीच प्रमाणं ४३ अंशांच्या परभणीत कशी चालवायची, हे तुमच्या पाव-बिस्किटांच्या भट्टीवर कळलं. त्याचं नाव कुणी घेईना, म्हणून मी घेते.

ज्यांच्या गावात ही पद्धत उरली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं सुट्ट्या लागल्या की बाया मैदा, पिठीसाखर, तूप नाहीतर डालडा आणि रिकामा डबा घेऊन भट्टीवर जातात. तिथं मळून, भाजून नानकटाई घरी येते आणि पाहुणेरावळे, लेकीबाळी, नातवंडं यांच्यावर मे महिना निघतो. यंदा आईसोबत डबा धरायला मी गेले ते एक प्रश्न मनात घेऊन. घरच्या ओव्हनमध्ये माझी बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटत होती, सगळ्या ट्रेची मिळून एकच पोळी व्हायची. आई रोज विचारायची, "आज काय जाळायलीस गं?"

तुम्ही आधी विचारलंत, "मस्का कैसा था?"

मी म्हटलं, "रूम टेंपरेचरला आणला होता. रेसिपीत तसंच दिलंय."

"कौनसे रूम का?"

चाचा, रांगेतल्या बायका हसल्या तेव्हा मला राग आला होता. पण उत्तर तिथंच होतं. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. ज्याने ती रेसिपी लिहिली त्याच्या खोलीत ते बोटाने दाबण्याइतकं मऊ होत असेल, आमच्या स्वयंपाकघरात त्याचं तेल होतं. तेलात साखर फेटून हवा कशी भरणार? तुम्ही परात घेतली, तूप घातलं, वर बर्फाचे खडे टाकले आणि तळहाताने फेसायला लागलात. तूप पांढरं, हलकं, साईसारखं झालं तसं सुटलेलं पाणी ओतून दिलंत. मग साखर, मग मैदा, वेलची. गोळे वळून परत अर्धा तास थंड. घरी तसंच केलं आणि नानकटाई जागेवर फुगली, वर बारीक भेगा पडल्या. पहिला घाणा आईने देवापुढं ठेवला. मी म्हटलं भट्टीवरही पाठवू. "तिथं काय कमी आहे?" म्हणाली, पण डबा भरून दिला.

अमोनियाचं प्रकरण तर तुम्ही अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलंय, तेव्हा लपवून उपयोग नाही. नानकटाईत तुम्ही चिमूटभर खाण्याचा अमोनिया घालता हे बघून मी तो केकमध्ये घातला. केक टम्म फुगला. कापला आणि घरातली माणसं अंगणात गेली. बिस्किट पातळ आणि कोरडं असतं, भाजताना त्यातून तो वायू निघून जातो. केक जाड आणि ओला, वास आतच बसतो. हे तुम्ही नंतर समजावलंत, आधी पोट धरून हसून घेतलंत.

पावाचं मात्र मनापासून सांगायचंय, कारण एप्रिलभर मी पावापुढं हात टेकले होते. रेसिपीत लिहिलेलं, पीठ दीड तास झाकून ठेवा. आमच्याकडं पाऊण तासातच ते भांड्याबाहेर यायचं, आंबूस वास सुटायचा आणि ओव्हनमध्ये गेलं की बसायचं. मी यीस्टला दोष देऊन नवी पाकिटं आणत राहिले. तुम्ही पिठात बोट घातलंत आणि म्हणालात, "बुखार है इसको." मग तुमच्या पद्धतीने हिशेब सांगितलात: हवा आपल्या हातात नाही, मैदा आपल्या हातात नाही, हातात फक्त पाणी आहे. तुमच्याकडं उन्हाळ्यात मळणी पहाटेच्या आधी होते, यीस्ट कमी घालतात आणि पाण्यात बर्फाची लादी फोडून टाकतात.

घरी येऊन मी वही काढली, कारण सायन्सवाल्यांना आकडे मांडल्याशिवाय झोप येत नाही. बेकरीवाल्यांचा एक जुना नियम आहे. मळलेलं पीठ २६ अंशांच्या आसपास हवं असेल तर खोली, मैदा आणि पाणी या तिघांच्या तापमानाची बेरीज २६ च्या तिप्पट, म्हणजे ७८ यायला हवी. दुपारी आमची खोली ३८, डब्यातला मैदा ३६. झाले ७४. पाण्याच्या वाट्याला उरले ४, म्हणजे जवळपास बर्फच. पहाटे पाचला खोली ३०, मैदा ३२; पाण्याला १६ उरतात. माठाच्या पाण्यात बर्फाचे थोडे खडे टाकले की काम झालं. हातांनी मळताना आणखी थोडी ऊब येते ती वेगळी. तुम्ही हे सगळं बोटाने करता. मी थर्मामीटर घेतला तर म्हणालात, "अच्छा है, बोट भाजणार नाही." त्यानंतर माझा पाव बसला नाही. एकदा थोडा करपला, पण त्याला मी जबाबदार नाही, दारात भाजीवाला आला होता.

संध्याकाळचं कोडंसुद्धा तुम्हीच सोडवलंत. सकाळी ३५ मिनिटांत होणारा केक संध्याकाळी तासभर ठेवला तरी मधे कच्चा. तुम्ही विचारलंत, "बल्ब कैसा जलता उस टैम?" पिवळट. "मग मशीन कशी गरम होईल? आमचं मळायचं मशीनसुद्धा त्या वेळेला रडतं." गल्लीत सगळे कुलर सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. आमच्याकडं ते १८० च्या घरात येतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते, म्हणून २३० च्या जागी १८० मिळाले तर ओव्हनची ताकद साधारण ६१ टक्क्यांवर येते. बारावीला हे सूत्र मी घोकलं होतं, पण त्याचा माझ्या केकशी संबंध आहे हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून ओव्हन सकाळी दहाच्या आत बंद.

कुलरवरून आठवलं. बिस्किटं गार करायला मी ती कुलरसमोर मांडायचे आणि तासाभरात ती सादळायची. कुलर हवेत पाणी सोडतो, हे डोळ्यांदेखत असून माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या सुनेने एका वाक्यात सांगितलं. त्यांचेही आभार. पडद्याआडून त्या फार कमी बोलतात, पण बोलतात ते कामाचं.

क्रीमच्या केकचं दुःख अजून ताजं आहे. शेजारच्या मुलाचा वाढदिवस, दुपारी बाराची डिलिव्हरी, स्कूटीवर दहा मिनिटं. पोहोचेपर्यंत वरचा मजला खाली आला होता. पैसे परत केले, मुलाने तरी खाल्ला. फेटताना क्रीम १० अंशांच्या आत लागतं, ते मी बर्फावर भांडं ठेवून जमवलं होतं. पण परभणीच्या रस्त्याला कशावर ठेवणार? मी रडवेली होऊन आले तेव्हा तुम्ही धीर वगैरे काही दिला नाहीत. म्हणालात, "मई में क्रीम का धंदा नक्को. जो चीज गर्मी सह सकती वो बेच." ऑर्डरी नाकारायला मला जिवावर आलं, पण ते वाक्य मानलं. मग मावा केक, रवा केक, नानकटाई, टोस्ट एवढंच ठेवलं आणि पैसे त्यातच सुटले.

मावा केकचं श्रेय अर्धं माझ्या मामाचं. तो भूमकडचा, येताना कुंथलगिरीचा खवा घेऊन आला. त्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे हे त्याने तीनदा सांगितलं, त्यामुळे मीही मराठवाड्याच्या केशर आंब्यालासुद्धा आहे असं ऐकवून टाकलं. आंब्याचा केक मात्र आधी फसला. दुधाऐवजी ताजा रस घातला, तो मधे गचगचीत राहिला. रसात किती पाणी असतं ते जीभ सांगत नाही. मग रस मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवला, गार केला आणि घातला. केकमध्ये रंगही आला, वासही. तुम्ही दोन तुकडे खाल्लेत आणि साखर जास्त आहे म्हणालात. तुमची शुगर बघता तुम्ही एकच खायला पाहिजे होता.

आणि केक रस्क! लाईट गेल्यामुळे निम्म्यात बसलेले केक मी फेकायला निघाले होते. मधला भाग घट्ट व्हायच्या आधी आच गेली की केक खचतो, त्याला इलाज नाही. तुम्ही म्हणालात, "इधर लाव." दुसऱ्यांदा भाजून पुरते शिजवलेत, बोटभर कापे केलेत आणि रात्री उतरत्या भट्टीत ठेवलेत. आग ओढून घेतली तरी ती विटांची भट्टी सकाळपर्यंत ऊब धरते. आधी पाव, मग खारी, मग नानकटाई, शेवटी रात्रभर टोस्ट, असा एकाच लाकडावर तुमचा अख्खा दिवस उतरत जातो. सकाळी माझे खचलेले केक कुरकुरीत झाले होते. चहासोबत ते इतके खपले की पुढं पुढं लोक विचारायचे, "रस्क कधी?" मला चांगला फुगलेला केक मुद्दाम कापून वाळवावा लागला.

भट्टीची आच बघायला तुमच्याकडं काटा नाही. चिमूटभर मैदा फरशीवर टाकता. लगेच काळा पडला तर थांबायचं, सावकाश तांबूस झाला तर पाव लावायचा. मी घरच्या ओव्हनमध्ये ताटलीत मैदा ठेवून तेच केलं आणि कळलं की माझ्या ओव्हनचा डावा मागचा कोपरा जास्त तापतो. आता निम्म्या वेळानंतर ट्रे फिरवते.

एका बाबतीत तुम्ही हरलात, तेही लिहिणार. मी ज्वारीची नानकटाई म्हटलं तेव्हा तुम्ही हात झटकलेत, "जवारी की भाकर बनती, बेटा." ज्वारीच्या पावाबद्दल तुमचं बरोबर निघालं, त्याची वीट झाली. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, फुगा धरणार कोण? पण नानकटाईला तो चिवटपणा नकोच असतो, तिला खुसखुशीतपणा हवा. मालदांडी ज्वारीचं पीठ आजीने मंद भाजून दिलं, मी निम्मं ज्वारी निम्मा मैदा धरला. तुम्ही एक तोंडात टाकलीत, काही बोलला नाहीत आणि खिशात दोन घातलीत. मी बघितलं.

पैसे द्यायला गेले की तुम्ही रजिस्टर पुढं करायचात. गर्दीच्या दिवसांत कुणाचा डबा कोणता, तूप कुणाचं, डालडा कुणाचा, हे चिठ्ठ्यांवर लिहायचं काम मला दिलंत. तूपवाल्या काकूंच्या डब्यात डालड्याचा घाणा गेला तर काय होतं ते मी एकदा ऐकलंय, म्हणून चिठ्ठ्या दोनदा तपासायचे. तिथं बसून जेवढं कळलं तेवढं ट्रेजवळ उभं राहूनही कळलं नसतं: कोण साखर कमी घालतं, कुणाला कडक लागते, कुणाच्या घरी लग्न आहे. विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घे, हेही तुम्ही त्याच टेबलावर सांगितलंत आणि भिंतीवरचा तुमचा कागद दाखवलात. ती मी केली.

बारावीचा निकाल लागला, बरा लागला. आपल्याच कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, तिथं अर्ज भरायचं चाललंय. बाबांना इंजिनिअरिंग हवं होतं. तुमच्याकडचा पाव खाऊन झाल्यावर ते या विषयावर जरा मऊ बोलतात, म्हणून सध्या घरी पाव रोज आहे.

आता पाऊस लागलाय आणि नवीनच त्रास सुरू झालाय. कुलर बंद, तरी डब्यातली बिस्किटं दोन दिवसांत मऊ. मैद्यालाही ओल धरायला लागली. तुमचे दोन ट्रे अजून माझ्याकडं आहेत. शनिवारी पाव उतरला की ते द्यायला येते, तेव्हा हेही विचारायचंय. सोबत आई साबुदाण्याच्या पापड्या देणार आहे. त्या चाचींसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत.

तुमची,
अमोनियावाली पोरगी