संरक्षणमंत्री महोदय, ड्रोनचं बटण नेमकं कोणाच्या हाती?

मा. संरक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या सरकारने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी या क्षेपणास्त्र डागू शकणाऱ्या ड्रोनचा करार केला. १५ नौदलाला, लष्कराला ८, हवाई दलाला ८. क्षेपणास्त्र सोडण्याचा अंतिम आदेश कोण देणार आणि तो अधिकार कधी गुप्तचर यंत्रणेकडे जाऊ शकतो का, एवढंच आम्ही माहिती अधिकारात विचारलं होतं. नाव नको, पदनाम सांगा. देशाच्या सुरक्षेचं कारण देणारं कलम ८(१)(अ) दाखवून उत्तर नाकारण्यात आलं. पदनाम कळल्याने देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते, हे त्या उत्तरात एका ओळीनेही सांगितलेलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

आमचं म्हणणं सरळ आहे. लक्ष्याची खबर गुप्तचरांनी द्यावी, पण मारा फक्त गणवेशातल्या, लष्करी कायद्याला बांधलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशाने व्हावा. आणि हे कायद्यात लिहिलेलं असावं.

मारा कसा होतो ते बघा. आठेक किलोमीटरवरून ड्रोनने सोडलेलं हेलफायर क्षेपणास्त्र पोहोचायला पंचवीस-तीस सेकंद घेतं. तेवढा वेळ सेन्सर ऑपरेटरला, म्हणजे ड्रोनचा कॅमेरा आणि लेझर सांभाळणाऱ्याला, लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. मध्येच एखादं मूल चौकटीत आलं, तर ठिपका मोकळ्या जागेकडे सरकवून क्षेपणास्त्र भरकटवता येतं, पण फार उशीर होण्याआधीच. त्यात उपग्रहामुळे चित्र एक-दोन सेकंद मागे असतं आणि कॅमेऱ्याची नजर अरुंद, शेजारच्या अंगणात कोण आहे ते दिसत नाही. अशा वेळी ‘थांबा’ म्हणायचा हक्क कोणाला, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. लक्ष्याची ओळख, आजूबाजूच्या हानीचा अंदाज, दारूगोळ्याची निवड आणि कायदा अधिकाऱ्याचा सल्ला, हे टप्पे वेगवेगळ्या माणसांकडे हवेत. खबर आणणाऱ्यानेच ती खरी ठरवली, त्यानेच मारलं आणि नंतरचा अहवालही त्यानेच लिहिला, तर चूक पकडणार कोण?

अमेरिकेचं हे भोगून झालंय. जानेवारी २०१५ मध्ये सीआयएच्या हल्ल्यात वॉरन वाइनस्टाइन आणि जिओव्हानी लो पोर्टो हे दोन ओलीस मेले. त्या जागेवर शेकडो तास पाळत होती, तरी आत ओलीस आहेत हे कळलं नाही. जाहीर कबुली आली एप्रिलमध्ये. लष्कर चुकत नाही, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये लष्करी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटाचा दिवसभर पाठलाग केला, पाण्याचे कॅन स्फोटकं समजले आणि दहा निरपराध मारले, त्यात सात मुलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. पण तीन आठवड्यांच्या आत पेंटागॉनला कॅमेऱ्यासमोर चूक मान्य करावी लागली.

आपल्याकडे बघा. ९ मार्च २०२२ ला आपलं ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडलं. चौकशी बसली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. रॉ या गुप्तचर संस्थेच्या हातून असं काही घडलं, तर कोणतं न्यायालय बसणार? ही संस्था १९६८ पासून संसदेच्या कायद्याविना चालते आहे. देशांतर्गत गुप्तचर विभागाचं, आयबीचंही तेच. माहिती अधिकाराच्या कलम २४ ने दोन्ही जवळपास पूर्ण वगळलेल्या, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी संसदीय समिती नाही. खासदार मनीष तिवारींनी २०११ मध्ये गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच विरलं. इतक्या वर्षांत एकाही सरकारला हे लाजिरवाणं वाटलं नाही, साहेब.

आणि लष्करी कायदा तरी पुरतो का? ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडमधल्या ओटिंगजवळ खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या पिकअपवर लष्कराच्या जवानांनी चुकीच्या ओळखीवरून गोळ्या झाडल्या. नागालँड पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं. खटल्याची परवानगी तुमच्याच मंत्रालयाने नाकारली. ते जमिनीवरचं होतं, म्हणून साक्षीदार तरी होते. चाळीस-चाळीस तास आकाशात राहणाऱ्या यंत्राला साक्षीदार कुठून आणणार?

नागपूरला हे लांबचं वाटत नाही. नागास्त्र-१ हा लक्ष्यावर आदळून फुटणारा ड्रोन इथेच तयार होतो: नऊ किलोचं यंत्र, एक किलोचा स्फोटक भाग, माणसाच्या नियंत्रणात पंधरा किलोमीटरचा पल्ला. मोहीम रद्द झाली तर ते पॅराशूटने खाली उतरतं. म्हणजे ‘थांबा’ची सोय यंत्रात करता येते, नियमात करायला तुम्हाला वेळ नाही. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. दारू आमच्या विदर्भाने भरायची, जीव आम्ही द्यायचे आणि ती कोणावर, कोणाच्या हुकमाने पडणार हे विचारलं की गोपनीयता! गडचिरोलीला लागूनच बस्तर आहे. ड्रोनमधून बॉम्ब टाकल्याचे आरोप तिथल्या गावकऱ्यांनी केले, पोलिसांनी ते नाकारले. कोण खरं, हे तपासणारी स्वतंत्र यंत्रणा आहे का?

एमक्यू-९बी २०२९ पासून यायचे आहेत. त्याआधी तीन गोष्टी कायद्याने करा. माऱ्याचा आदेश देणारं पद ठरवा. प्रत्येक माऱ्याचं चित्रीकरण आणि आदेशाची नोंद दहा वर्षं जपणं बंधनकारक करा. नागरिक मेल्याची तक्रार आली, तर मारा करणाऱ्या दलाबाहेरच्या न्यायाधीशाकडून चौकशी करा आणि निष्कर्ष संसदेत मांडा.

पदनामाच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. ते लेखी द्या.

आपले,
संरक्षण उत्पादनात काम करणारे काही नागपूरकर