डोना ट्रॉयची वारसनोंद

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत सुपरहिरोंच्या चाहत्यांवर लेख आला होता. कागदावरच्या पात्रांचे आईबाप शोधत बसायचं, त्यावर 'फॅन थिअरी', म्हणजे चाहत्यांनी लढवलेले तर्क, मांडायच्या, हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असा त्याचा एकूण सूर. मी महसूल खात्यात आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी होतो. वारसनोंदींची भांडणं ऐकण्यात नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

लेखात उदाहरणं बॅटमॅन आणि स्पायडरमॅनची. त्यांच्या घराण्यात फारसा घोळ नाही. घोळ बघायचा तर अमेरिकेच्या डीसी कॉमिक्समधली डोना ट्रॉय, म्हणजे वंडर गर्ल, घ्यावी. माझी नात हे अंक जमवते, तिच्यामुळे माझी ओळख झाली. आमच्या लहानपणीच्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाचं (फँटमचं) सरळ होतं. बाप गेला की मुलगा गादीवर, असे 21 झाले आणि हरकत एकाचीही नाही.

डोनाचा जन्मच चुकीच्या नोंदीतून झाला. वंडर गर्ल म्हणजे मुळात लहानपणची वंडर वुमन. लेखक रॉबर्ट कॅनिगर यांनी काही गोष्टींत मोठी, किशोरवयीन आणि चिमुरडी अशा तिघींना एकत्र आणलं, पण या अशक्य कथा आहेत असं बजावून. 1965 मध्ये दुसरे लेखक बॉब हेनी यांनी टीन टायटन्स या किशोर सुपरहिरोंच्या टोळीत वंडर गर्लला घेतलं ते मात्र वेगळीच मुलगी असल्यासारखं. मग ही कोणाची कोण? उत्तर 1969 मध्ये मार्व वुल्फमन यांनी दिलं: वंडर वुमनने जळत्या इमारतीतून वाचवलेलं पोर, नाव डोना ट्रॉय. हे वुल्फमन त्या आधी स्वतः चाहत्यांची मासिकं काढत होते. म्हणजे डोनाची पहिली अधिकृत कुळकथा हीच एका चाहत्याने बसवलेली जोड आहे. रिकामटेकडा कोणाला म्हणायचं?

पुढे 1984 मध्ये वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी 'न्यू टीन टायटन्स'चा 38वा अंक केला. त्यात बॅटमॅनचा साथीदार रॉबिन आपल्या मैत्रिणीसाठी, डोनासाठी, तिचं मूळ शोधतो. तो अंक मी चौकशी अहवाल वाचावा तसा वाचला. सापडतं काय, तर डोरोथी हिंकली नावाची अविवाहित, मरणपंथाला लागलेली पोरगी. तिने बाळ दत्तक दिलं. दत्तक बाप कामावरच्या अपघातात गेला, दत्तक आईला खर्च झेपेना, आणि बाळ मुलं विकणाऱ्या टोळीच्या हाती पडलं. आग लागली ती त्यांच्याच इमारतीला. राजवाडा नाही, देव नाही.

नंतर प्रकाशकांनीच सगळा इतिहास नव्याने लिहायला घेतला. या नव्या इतिहासात वंडर वुमन आपल्या जगात पहिल्यांदाच अवतरली ती 1987 मध्ये, त्यामुळे डोनाला वाचवणारी बाईच गायब. वुल्फमन-पेरेझ यांनी वाचवणारी बदलली आणि ग्रीक पुराणातल्या टायटन देवतांपैकी ऱ्हीया आणली. आई मात्र डोरोथीच ठेवली. दुरुस्ती करावी तर अशी! 1998 च्या सुमारास लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी डोनाला वंडर वुमनचं आरशातून काढलेलं प्रतिबिंब ठरवलं, आणि अलीकडे तर तिला वंडर वुमनच्या नाशासाठी मातीतून घडवलेलं हत्यार करून टाकलं.

चाहते या सगळ्याची सांगड घालतात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करत. नाव खोडत नसत, वाचता येई, आणि कोणत्या फेरफाराने कमी झालं तेही कळे. चांगली फॅन थिअरी असंच काम करते. प्रकाशक मात्र पानच फाडतात.

माझी तक्रार आहे ती वेगळ्याच थिअरींवर. डोना ही वंडर वुमनच्या आईची, राणी हिप्पोलिटाचीच पोटची, किंवा कुठल्यातरी देवाची लेक, असं ठरवायची काहींना भारी हौस. डोरोथीचं नाव का चालत नाही? वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं बिनदिक्कत गाळणारी माणसं माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत. 'ती तिकडे नांदतेय, तिचं कशाला' म्हणणारी. मला हा प्रकार ओळखू येतो.

नातीला हे पटत नाही. 2005 मध्ये डोना मरणातून परतली तेव्हा कॉमिक्समधल्या साऱ्या समांतर विश्वांतल्या सगळ्या डोनांच्या आठवणी तिच्या एकटीत आहेत असं दाखवलं, तेव्हा डोरोथी ही अनेक आयांपैकी एक, असं तिचं म्हणणं. मला ते मान्य नाही. ती आपणास वेगळं पत्र धाडणार आहे. दोन्ही पत्रं शेजारी छापलीत तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, वाई (जि. सातारा)